घाट चढायला कुठला गिअर? सायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चढ आणि गिअर यावर सतत येणारे प्रश्न इथे एका जागी गोळा केलेत. आधी साधे, मग किचकट. तेच तेच परत लिहायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. माझं मत आधीच सांगून टाकते: बऱ्याच सायकलींवरचा सगळ्यात हलका गिअर साध्या माणसाच्या पायांना जडच असतो, त्यामुळे "आपल्यात दमच नाही" असं ठरवायच्या आधी दात मोजा.

१. ८ टक्के चढ, १२ टक्के चढ म्हणजे नक्की किती?

१०० मीटर आडवं पुढे गेल्यावर किती मीटर वर चढलो, तो आकडा म्हणजे टक्के. १० टक्के म्हणजे एका किलोमीटरला १०० मीटर उंची. अंशात बघितलं तर १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश, ऐकायला काहीच वाटत नाही पण पायांना चांगलंच कळतं. ३-४ टक्के बोलत बोलत जातो आपण, ६ च्या पुढे गिअर शोधायला लागतो, १० च्या पुढे प्रत्येक टक्का वेगळा जाणवतो.

सरासरीवर मात्र विश्वास ठेवू नका. फ्रान्समधला आल्प द्युएझ सुमारे १४ किमी, २१ वळणं, सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास आणि बऱ्यापैकी एकसारखा आहे. स्पेनमधल्या अँग्लिरूची सरासरी साधारण १० टक्के दिसते, पण त्याचा पहिला अर्धा भाग त्यामानाने सौम्य आणि वरच्या भागात चढ २३ टक्क्यांच्याही पुढे जातो. म्हणून गिअर ठरवताना सगळ्यात खडा किलोमीटर कुठला आणि किती टक्क्यांचा ते बघा.

२. चढाला पुढे छोटी चकती की मोठी? आणि मागे? माझा दर वेळी गोंधळ होतो.

पुढे छोटी, मागे मोठी. पुढची चेनरिंग जितकी लहान आणि मागचं स्प्रॉकेट जितकं मोठं तितका गिअर हलका. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे दोन्हीकडे चेन सायकलच्या आतल्या बाजूला, फ्रेमकडे आणि स्पोककडे, सरकली की हलकं होतं.

३. गिअर रेशो कसा काढायचा?

पुढचे दात भागिले मागचे दात. पुढे ३४, मागे २८ तर १.२१, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक १.२१ वेळा फिरतं. रोड सायकलच्या ७०० च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो, त्याने गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं, इथे सुमारे अडीच मीटर. ३४ ला ३४ असेल तर रेशो बरोब्बर १ आणि एका फेऱ्यात २.१ मीटर. दात किती ते बऱ्याचदा चकतीवरच कोरलेलं असतं, नसेल तर एका दाताला खडूची खूण करून मोजा.

४. मला नक्की किती हलका गिअर लागेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दोन पद्धती आहेत.

पहिली, वजनावरून. समजा तुम्ही, सायकल, पाणी सगळं धरून ९० किलो, आणि तासभर १५० वॅट टिकवू शकता, म्हणजे रेस न करणारा पण नियमित चालवणारा माणूस. ८ टक्क्यांवर वेग येईल ताशी ७ किमीच्या थोडा वर. आता या वेगाला ३४/२८ मध्ये पाय मिनिटाला फक्त ४७ वेळा फिरतील, ३४/३४ मध्ये ५७, आणि रेशो ०.८२ असेल, म्हणजे उदाहरणार्थ पुढे २८ मागे ३४, तर ६९. वॅट तेच आहेत, वेग तोच आहे, फरक एवढाच की ४७ ला प्रत्येक फेऱ्यात मांडीवर खूप जोर येतो आणि ६९ ला तो जोर वाटला जातो. हाच माणूस १२ टक्क्यांवर गेला की वेग ताशी ५ किमीच्या खाली येतो आणि ३४/३४ मध्ये सुद्धा पाय ४० च्याच आसपास फिरतात. तिथे लोकांना वाटतं आपण संपलो, प्रत्यक्षात गिअर संपलेला असतो.

दुसरी पद्धत जास्त सोपी, पॉवर मीटर वगैरे काही लागत नाही. नेहमीच्या खड्या चढावर आहे त्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, जो वेग तुम्हाला टिकतो त्याने चढा, आणि ३० सेकंदात उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजून दुप्पट करा. हा झाला आत्ताचा कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे. मग आत्ताचा रेशो गुणिले आत्ताचा कॅडन्स भागिले हवा असलेला कॅडन्स. रेशो १.२१ आहे, पाय ४५ वेळा फिरतात आणि ६५ हवेत तर १.२१ × ४५ ÷ ६५ = ०.८४. म्हणजे १ च्या खालचा गिअर हवा, नुसतं २८ चं ३० करून भागणार नाही.

उत्तर दोन पर्यायांच्या मधे आलं तर हलका घ्या. जास्तीचा हलका गिअर न वापरता पडून राहिला तर काही बिघडत नाही, कमी पडला तर उतरून चालावं लागतं.

५. चढावर कॅडन्स किती असावा? सगळे ९० म्हणतात.

९० हा सपाट रस्त्याचा आकडा. चढावर बहुतेकांना ६० ते ८० मध्ये बरं वाटतं. ५० च्या खाली बराच वेळ राहिलात तर मांड्या भरून येतात, गुडघ्यांवर ताण येतो (प्र. १४). उलट पाय उगाच भरभर फिरवले की श्वास आधी संपतो. दम लागतोय पण पायात जोर आहे असं असेल तर एक गिअर जड करा, पाय जळतायत पण श्वास ठीक आहे तर हलका करा.

६. कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट, ट्रिपल, वन-बाय, यातलं चढाला काय चांगलं?

पुढच्या चकत्यांची नावं आहेत ही. जुनी रेसिंग क्रँक (पायडलचे दांडे आणि चकत्या मिळून) ५३/३९, सेमी-कॉम्पॅक्ट ५२/३६, कॉम्पॅक्ट ५०/३४, सब-कॉम्पॅक्ट ४६/३० किंवा ४८/३१. ट्रिपलमध्ये तीन चकत्या, जुन्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) ४४/३२/२२ असायच्या आणि मागे ३४ असेल तर रेशो ०.६५ पर्यंत खाली यायचा. वन-बायमध्ये पुढे एकच चकती आणि मागे १०-५१ सारखी मोठी कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटचा संच, सगळ्यात लहान १० दातांचं, सगळ्यात मोठं ५१ चं), पुढे ३२ असेल तर ०.६३.

नुसत्या चढासाठी विचाराल तर सगळ्यात हलका रेशो बघा, तो कुठल्या पद्धतीने आला याने पायाला काही फरक पडत नाही. वन-बायमध्ये गिअरमधली अंतरं मोठी असतात म्हणून सपाटीला हवा तो कॅडन्स नेमका सापडत नाही, पण पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नसल्यामुळे चढावर चेन पडायची कटकट कमी. ट्रिपलला लोक उगाच नावं ठेवतात, मला अजूनही ती सामान घेऊन फिरणाऱ्यांसाठी उत्तम वाटते.

७. प्रोफेशनल रेसर तर मोठ्या चकत्या वापरतात, मग हलका गिअर म्हणजे कमीपणा नाही का?

नाही. त्यांचे वॅट आपल्या दुपटीहून जास्त असतात, त्यामुळे त्याच चढावर त्यांचा वेग जास्त आणि त्या वेगाला जड गिअरमध्येही पाय नीट फिरतात. आणि तेही आता मागे मोठे स्प्रॉकेट लावतात, शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एसमध्ये सुद्धा ११-३४ कॅसेट मिळते. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ मध्ये, त्याआधी रेसर चढ आला की उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या स्प्रॉकेटवर चढायचे. रेसच्या मधे थांबून सुद्धा हलका गिअर घेणं त्यांना परवडायचं, यातच सगळं आलं.

८. ११-२८ काढून ११-३४ कॅसेट टाकली तर होईल का? बाकी काही बदलायला लागेल?

बऱ्याच वेळा होतं, आणि फरक मोठा पडतो, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याचा जोर साधारण १८ टक्के कमी. पण आधी चार गोष्टी तपासा.

एक, स्पीड (मागच्या स्प्रॉकेटची संख्या) तेवढेच हवेत, ११ स्पीडला ११ स्पीडचीच कॅसेट. दोन, मागचा डिरेलर कमाल किती दातांचं स्प्रॉकेट घेतो. शिमानोच्या रोड डिरेलरमध्ये शॉर्ट केज म्हणजे एसएस आणि मीडियम केज म्हणजे जीएस असतात (केज म्हणजे डिरेलरचा चेन धरणारा खालचा भाग), नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो, उदाहरणार्थ १०५ आर७००० या मॉडेलचा एसएस ३० पर्यंत आणि जीएस ३४ पर्यंत. तीन, कपॅसिटी, म्हणजे डिरेलर किती ढिली चेन ओढून धरू शकतो: पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-छोट्यातला फरक. ५०/३४ ला ११-३४ म्हणजे १६ + २३ = ३९, आणि त्या जीएसची कपॅसिटी बरोबर ३९ आहे, म्हणजे बसलं.

चार, आणि हे विसरू नका, चेनची लांबी. जुनी चेन २८ साठी कापलेली असते, ३४ ला ती आखूड पडू शकते, आणि अशा वेळी चुकून पुढे मोठी मागे मोठी असा गिअर पडला तर डिरेलर किंवा हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा) तुटू शकतो. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न घेता, गुंडाळून बघायची आणि जिथे टोकं जुळतात त्याच्यापुढे अजून दोन कड्या ठेवायच्या. मग बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणारा) फिरवून डिरेलरमधली वरची छोटी जॉकी चकती ३४ ला घासत नाही ना ते बघायचं.

९. डिरेलर ३४ घेतच नाही म्हणतात, किंवा ३४ लावूनही कमी पडतंय. आता?

तीन रस्ते. हँगर एक्स्टेंडर, म्हणजे डिरेलर थोडा खाली आणणारी छोटी पट्टी. कमाल स्प्रॉकेटची अडचण त्याने बऱ्याचदा सुटते, कपॅसिटी मात्र वाढत नाही, ती केजच्या लांबीवर असते.

दुसरा, मागे एमटीबीचा डिरेलर. इथे खरी गोम आहे. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडला रोडचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर) आणि एमटीबीचा डिरेलर एकमेकांशी जुळतात. बहुतेक १० स्पीड रोड शिफ्टर ९ स्पीड एमटीबी डिरेलर चालवतात, पण शिमानोचंच टियाग्रा ४७०० नाही, त्याचं केबल ओढायचं प्रमाण वेगळं आहे. १० स्पीडपासून पुढचे एमटीबी डिरेलर रोड शिफ्टरशी जुळत नाहीत. ११ स्पीड रोडवाल्यांसाठी शिमानोच्याच जीआरएक्स (ग्रॅव्हल सायकलींसाठीचे भाग) चा मागचा डिरेलर चालतो.

तिसरा, पुढच्या चकत्या लहान करणं. यात बीसीडी बघा, म्हणजे चकतीचे बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. १३० मिमी असेल तर ३८ च्या खाली चकती बसतच नाही, त्यामुळे ५३/३९ वाल्यांना ३४ हवी तर पूर्ण क्रँक बदलायला लागते. ११० मिमीला ३४ किंवा फार तर ३३. त्याच्याखाली जायचं तर ४६/३० सारखी क्रँक, पण जीआरएक्सच्या क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चकत्यांचं अंतर) अडीच मिलिमीटर बाहेर आहे म्हणून तिला पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लावा, आणि तो सीट ट्यूबवर इतका खाली सरकवता येतो का ते आधी मापून घ्या.

१०. माझी साधी ७ स्पीड गिअरची सायकल आहे, १४-२८ फ्रीव्हील. एवढं सगळं करणं जमणार नाही.

तुमच्यासाठी मेगारेंज नावाचं फ्रीव्हील (साध्या सायकलींवरचा मागच्या स्प्रॉकेटचा संच) आहे, ७ स्पीड, १४-३४. त्याच्यात शेवटून दुसरं २४ आणि मग एकदम ३४, म्हणजे गिअर बदलताना पाय अचानक मोकळे फिरतात, त्याची सवय करून घ्यावी लागते. अशा सायकलींवर पुढे बहुतेक ट्रिपल असते, २८ ची छोटी चकती असेल तर रेशो ०.८२ येतो, आणि हा बऱ्याच रोड सायकलींपेक्षा हलका आहे. डिरेलर आणि चेनची तपासणी प्र. ८ प्रमाणेच.

११. सिंगल स्पीडवर घाट चढता येईल का?

छोटे चढ हो. ४४/१८ म्हणजे २.४४, यावर ८ टक्क्यांचा लांब चढ बहुतेकांना झेपत नाही. मागचं फ्रीव्हील २२ चं लावलं तर बरोबर २.० होतो, सपाटीला थोडं हळू आणि चढावर बरंच सुसह्य. त्यापुढे उभं राहून किंवा उतरून.

१२. बसून चढावं की उभं राहून?

लांब चढाला मुख्यतः बसून. उभं राहिलं की जोर जास्त लावता येतो पण स्वतःचं वजन पायांवर तोलायचं असल्याने नाडी वाढते. मात्र अर्धा-अर्धा तास एकाच जागी बसून पाठ आणि बूड अवघडतं, म्हणून अधूनमधून २०-३० फेरे उभं राहा, वेगळे स्नायू कामाला लागतात. उठायच्या आधी एक-दोन गिअर जड करा, कारण उभ्याने पाय हळू फिरतात, आणि पाय खाली येतानाच उठा म्हणजे सायकल मागे सरकून मागच्याच्या चाकाला लागणार नाही.

१३. सुरुवातीला मस्त जातं आणि अर्ध्यावर एकदम फुस्स. का?

वेग जास्त ठेवला म्हणून. पायथ्याला पाय ताजे असतात, सगळे पुढे जात असतात, आणि पहिल्या दहा मिनिटांत आपण आपल्या टिकणाऱ्या ताकदीच्या वर जातो, मग त्याची भरपाई वरपर्यंत होत नाही. पहिला पाव भाग "हे फार हळू होतंय" असं वाटेल इतकाच जोर लावा, तुटक का होईना वाक्य बोलता आलं पाहिजे. खड्या तुकड्यात वेग पडू द्या, तो टिकवायला जाऊ नका. तासाच्या वरचा चढ असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि पाणी तहान लागायच्या आधीपासून, कारण चढावर वेग कमी म्हणून वारा लागत नाही आणि घाम फार जातो.

१४. चढ केल्यावर गुडघे दुखतात. गिअरमुळे का?

पुढच्या बाजूला, वाटीजवळ दुखत असेल तर जड गिअर आणि खाली असलेली सीट हे दोन नेहमीचे संशयित. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट जास्त वर असू शकते. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. गिअर प्र. ४ प्रमाणे हलका करा. सूज आली किंवा सायकल न चालवताही दुखतंय तर डॉक्टरकडे जा, सीटशी खेळत बसू नका.

१५. चढावर गिअर टाकला की कडाकड आवाज येतो, कधी चेनच पडते.

जोर असताना गिअर बदलल्यामुळे होतं ते. चढ सुरू व्हायच्या जरा आधी, अजून वेग असताना, पुढची छोटी चकती घ्या, आणि त्याच वेळी मागे एक-दोन गिअर जड करा म्हणजे पाय हवेत फिरल्यासारखे होणार नाहीत. पुढचे गिअर चढावर एकेक करून, टाकताना अर्धा फेरा पाय सैल सोडून. चेन तरीही आत पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा लो लिमिट स्क्रू (चेन आत किती सरकेल ते ठरवणारा) बघा. आणि जोर लावल्यावर चेन दातांवरून घसरत असेल तर चेन-कॅसेट झिजलीय, चेन चेकरने मोजा, ११-१२ स्पीडला ०.५ टक्के दाखवलं की चेन बदला.

१६. फार खड्या चढावर पुढचं चाक उचललं जातं. पुढे झुकलो तर मागचं घसरतं.

दोन्हीच्या मधली जागा शोधायची. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर वाकवून खाली घ्या, छाती हँडलकडे, पण बूड सीटवरच ठेवा म्हणजे मागच्या चाकावर वजन राहतं. खडी किंवा ओला रस्ता असेल तर उभं राहू नका. हँडल वर ओढू नका, आपल्याकडे आणि खाली ओढा. रस्ता पूर्ण रिकामा आणि लांबवर दिसणारा असेल तर नागमोडी जाता येतं, १५ टक्क्यांचा रस्ता ४५ अंशात तिरपा कापला तर चढ साधारण साडेदहा टक्के होतो, फक्त गाड्या असतील तिथे हे अजिबात करू नका. हेअरपिन वळणाचा आतला भाग जास्त खडा असतो, बाहेरचा सौम्य, पण आपली बाजू सोडून तिकडे जाऊ नका.

१७. मधेच थांबलो तर परत सुरूच करता येत नाही, क्लीट (बुटाला असलेली, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) असली की पडतोच.

सायकल रस्त्याला आडवी करा, दोन्ही बाजूची वाहतूक बघा, मागचा ब्रेक धरून एक पाय अडकवा, ते पायडल वर पुढे आणा, आणि आडवं ढकलून दोन फेरे झाले की मग वर वळा. दुसरा पाय अडकवायची घाई नको, बुटाच्या मधल्या भागाने पायडल मारत राहा. सगळ्यात हलक्या गिअरपेक्षा एक-दोन जड गिअरमध्ये सुरुवात सोपी जाते, अगदी हलक्यात पहिल्या फेऱ्यात सायकल पुरेशी पुढेच जात नाही.

१८. हलकी सायकल घेतली तर गिअर बदलायची गरज उरणार नाही ना?

उरेल. एकूण वजन ९० किलो असताना १ किलो कमी केला की खड्या चढावर वेळ साधारण १ टक्का वाचतो, तासाच्या चढाला ४० सेकंद. छान आहे, पण त्याने ४७ चा कॅडन्स ४८ सुद्धा होत नाही. पैसे आधी कॅसेटवर घाला.

१९. गिअर लहान केले तर उतारावर आणि सपाटीला वेग जाईल.

४६/११ मध्ये ९० कॅडन्सला ताशी ४७ किमी मिळतात, ५०/११ मध्ये ५१-५२. त्याच्यावरचा वेग उतारावर पायडल न मारताच येतो. तुम्ही ग्रुपमध्ये ताशी ४५ च्या पुढे ओढत असाल तरच हा विचार करा.

२०. सामान लादून टूरिंगला जायचंय, हेच गणित चालेल का?

चालेल, पण आकडे बदलतात. एकूण १२० किलो, १५० वॅट, ८ टक्के म्हणजे वेग ताशी साडेपाच किमीच्याही थोडा खाली. ०.८२ रेशोला कॅडन्स ५२ येतो, ७० हवा असेल तर ०.६१ लागतो, म्हणजे २२/३६ सारखं काहीतरी. ०.६ च्या फार खाली जाऊन फायदा मर्यादित, कारण ताशी ४ किमीच्या आसपास तोल सांभाळणंच अवघड होतं आणि तेवढ्या वेगाने सायकल ढकलत चालताही येतं.

२१. हब गिअरवाल्या (मागच्या चाकाच्या मधल्या भागातच गिअर असलेल्या) सायकलीला हे कसं लावायचं?

पुढचे दात भागिले मागचे दात, आणि त्याला हबच्या पहिल्या गिअरच्या आकड्याने गुणा. शिमानो नेक्सस ८ चा पहिला गिअर ०.५२७, म्हणजे ३८/१९ लावलं असेल तर २ × ०.५२७ = १.०५, जवळजवळ ३४/३४ सारखं. स्टर्मी-आर्चरच्या ३ स्पीडचा पहिला ०.७५, त्यामुळे तिथे मागचं स्प्रॉकेट मोठं करावंच लागतं. रोलॉफच्या १४ गिअरची रेंज ५२६ टक्के, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या सव्वापाच पट, ती खड्या घाटालाही पुरते. मागचं स्प्रॉकेट कितीही मोठं करता येत नाही, आतल्या गिअरवर जास्त टॉर्क येऊ नये म्हणून कंपनी पुढच्या-मागच्या दातांच्या रेशोची किमान मर्यादा देते, ती मॅन्युअलमध्ये बघूनच स्प्रॉकेट घ्या. आणि हब गिअर बदलताना पाय पूर्ण सैल सोडायला लागतो, चढावरही.